चौसष्ट तळटिपा

१

एकतीस वर्षं मी परीक्षा विभागाच्या कॉपी चौकशी समितीवर होते. बाहीतल्या चिठ्ठ्या, तळव्यावरची सूत्रं, रातोरात बदललेल्या उत्तरपत्रिका, सगळं पाहून झालं. आणि निवृत्त होऊन घरी बसते न बसते तोच माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाने ऑफिस काढलं. कसलं, तर परदेशातल्या विद्यार्थ्यांना निबंध आणि प्रबंध लिहून द्यायचं. मी जन्मभर ज्यांच्या मागे लागले, त्यांनाच हा माल पुरवणार. बहीण म्हणाली, "अगं, भाषा सेवा म्हणतात त्याला." मी म्हटलं, काहीही म्हणा, माझ्यासमोर त्याचं कौतुक नको. सहा वर्षं मी त्या ऑफिसची पायरी चढले नाही.

तोच भाचा बुधवारी सकाळी माझ्या दारात उभा. दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं.

"मावशी, माझ्या ऑफिसात कुणीतरी घात केलाय."

"पोलिसांकडे जा."

"त्यांना काय सांगू? एकाच्या नावावर दुसऱ्याने लिहिलेल्या प्रबंधात तिसऱ्याने आकडे बदलले म्हणून?"

बस म्हटलं, चहा ठेवला.

त्याच्या धंद्यात दोन जातीचे लेखक. एक नेटिव्ह, म्हणजे जन्मतः इंग्रजी बोलणारे. दुसरे नॉन-नेटिव्ह, म्हणजे आपण. नेटिव्हच्या लेखणीला गिऱ्हाईक तिप्पट भाव देतं. माझ्या आजोबांच्या काळात नेटिव्ह म्हणजे आपणच होतो, आणि त्याचाही काही फायदा झाला नव्हता. असो. भाच्याकडे एकच नेटिव्ह होता. लेखकांना नंबर असतात, त्याचा सातवा. ऑफिसात सगळे त्याला सात नंबर म्हणत. तो सातासमुद्रापार राहतो, मेलवर काम घेतो, मेलवर पाठवतो.

"सात नंबरनी एका जाड्या जुन्या कादंबरीवर प्रबंध लिहिला," भाचा म्हणाला. "चौसष्ट तळटिपा. प्रत्येक टिपेत कादंबरीतलं वाक्य आणि त्याचं पान. वाक्यं अक्षरन् अक्षर बरोबर. पानं चौसष्टच्या चौसष्ट चूक. तिकडचा प्रोफेसर स्वतःचं पुस्तक घेऊन बसला आणि त्याने शेरा मारला की या मुलाने कादंबरी उघडलेलीसुद्धा नाही."

"खरंच आहे ते. त्याने नाहीच उघडली."

"मावशी, थट्टा नको. सात नंबर असली चूक करणारच नाहीत. इथेच कुणीतरी केलंय. आणि शेवटचा हात होता टीपताईचा."

टीपताई म्हणजे सगळ्यांच्या तळटिपा तपासणारी बाई. तिने पुढे केलेली फाइल थेट गिऱ्हाइकाकडे जाते, मध्ये ती कुणी उघडत नाही.

"मग काढून टाक तिला. माझ्याकडे कशाला आलास?"

तो कपाशी चाळा करत बसला. "सहा वर्षांत तिने एक आकडा चुकवलेला नाही. आणि तिला एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागतेय. एक्केचाळिसाव्या वर्षी, गं. शुक्रवारपर्यंत माझ्याकडून अनुभवाचं पत्र हवंय तिला. काढून टाकलेल्या माणसाला मी पत्र कसलं देणार? आणि पत्र नाही तर नोकरी नाही. वयाची अट बघता पुन्हा संधीही नाही."

मी चपला शोधायला लागले. भाच्याच्या धंद्यासाठी नव्हे. एकतीस वर्षांत मी पुष्कळ मुलांना शिक्षा दिली, पण चौकशीशिवाय एकालाही नाही.

जिना उतरताना तो म्हणाला, "अजून एक सांगायचं राहिलं. मी तिच्यावर आरोप केला, तेव्हा तिने नाही म्हटलंच नाही."

२

ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, पुस्तकांनी आणि फाइलींनी वाकलेलं एक कपाट, भिंतीवर दोन घड्याळं, एक आपल्या वेळेचं, एक गिऱ्हाइकांच्या. खिडकीपाशी मास्तर बसले होते. हे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, हातात भिंग, आणि समोरच्या संगणकावर अक्षरं एवढी मोठी की मला दारातून वाचता यावीत.

"सात नंबर यायच्या आधी मोठे प्रबंध माझ्याकडे असायचे," मास्तर म्हणाले. "मग एका गिऱ्हाइकाने शेरा दिला, लेखन नॉन-नेटिव्ह वाटतं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. तेव्हापासून माझ्याकडे शाळकरी निबंध."

"म्हणजे राग आहे तुमचा सात नंबरवर."

"आहे की. लपवतो कशाला? पण मॅडम, घात करायचा तर मी दोन आकडे बदलले असते. चौसष्ट बदलायला या डोळ्यांना आठवडा लागेल."

मला माणूस आवडला. मी टीपताईबद्दल विचारलं.

"ती? फेब्रुवारीत तिला कांजिण्या झाल्या, या वयात. पंधरा दिवस नव्हती, तर आमच्या पाच चुका बाहेर गेल्या. ती असताना एक जात नाही. भंडावून सोडते हो. प्रत्येक कामाला चिठ्ठी. आवृत्ती कोणती, कुणी छापलेली, कुठल्या साली. एकच पुस्तक दहा ठिकाणी छापलं जातं आणि प्रत्येकात पान बदलतं, म्हणून आधी तिला उत्तर द्यायचं, मग ती तेच पुस्तक मिळवून ताडून बघणार." त्यांनी आपली एक फाइल उघडून दाखवली. चिठ्ठी टाचलेली होती. वर तिचा प्रश्न, खाली मास्तरांचं वैतागलेलं उत्तर.

दुसऱ्या टेबलावर हेडफोन. कानावरून ते यंत्र कधी उतरत नाही म्हणून त्याचं नावच ते पडलेलं. बायकापोरांचा माणूस, सात नंबरचे मेल तोच बघायचा.

"कधी बोललास त्यांच्याशी?"

"नाही मावशी. फोन आवडत नाही त्यांना. कॅमेरा तर नाहीच."

"काम वेळेवर?"

"घड्याळ लावून घ्यावं. दोन वर्षांत एकदाच खाडा झाला, फेब्रुवारीत. पंधरा दिवस पत्ता नाही, मग एका ओळीत माफी."

"त्या कादंबरीचा प्रबंध आला तेव्हा तू उघडलास?"

"मी कशाला उघडू? आला, ताईंकडे ढकलला. ताईंकडून आला, गिऱ्हाइकाकडे ढकलला. मी पोस्टमन." यात मला खोटं काही दिसलं नाही. याने सहा वर्षांत पुस्तक हातात धरलं असेल तर ते टेबलाचा पाय टेकवायला.

टीपताई कपाटाआडच्या टेबलावर होती. बारीक चण, केस घट्ट बांधलेले, पेन्सिलींना टोक करून एका रांगेत ठेवलेल्या.

"आकडे तू बदललेस?"

"नाही."

"मग कुणी बदलले?"

"कुणीच नाही."

"म्हणजे तुझ्या नजरेतून सुटले?"

"माझ्या हातून झालं, मॅडम. माझं नाव लावा आणि मोकळ्या व्हा."

कुठेतरी पाणी मुरत होतं. माझ्यासमोर आजवर जो जो बसला तो आधी आईची शपथ घ्यायचा. ही बाई गुन्हा अंगावर ओढून घेत होती, आणि टेबलाखाली तिच्या हातात कॉलेजचं पत्र होतं, घड्या घालून घालून मऊ झालेलं.

"नोकरी जाईल. हीही आणि पुढचीही."

"माहितेय." तिने पत्राची आणखी एक घडी घातली. "वर्गात उभं राहायचं होतं मला. मुलांनी वहीवर माझं नाव लिहावं, एवढंच. पण राहू द्या आता."

तिचा शांतपणा बघून मला रडू यायला लागलं, म्हणून मी उठले. भाच्याकडून प्रबंध आणि प्रोफेसरने पाठवलेली बरोबर पानांची यादी घेतली आणि घरी येऊन दोन्ही शेजारी शेजारी मांडली. दहा ओळी वाचल्या आणि चष्मा पुसून पुन्हा वाचल्या.

आकडे चुकलेले नव्हतेच.

३

प्रोफेसरच्या यादीत चाळीस, तर आपल्याकडे तीस. तिकडे दोनशे, इकडे दीडशे. तिकडे पाचशे वीस, इकडे तीनशे नव्वद. पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत चाराला तीन. खुनशीपणाने आकडे बदलणारा माणूस त्रैराशिक मांडत बसत नाही. या सगळ्या वाक्यांची पानं खरी होती, फक्त ती दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकातली होती. बारीक छपाईचं, कमी पानांचं पुस्तक.

असं पुस्तक मला माहीत होतं. त्याची फाडलेली पानं मी कितीतरी बाह्यांमधून काढली होती. संध्याकाळी वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी मागच्या खोलीतून आणून दिलं. स्वस्त आवृत्ती, पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं. पहिली टीप काढली, सापडली. बत्तिसावी, सापडली. चौसष्टावी, सापडली. मागच्या पुठ्ठ्यावर सूचना होती की ही प्रत आपल्याकडच्या देशांतच विकायची, तिकडे नाही.

मी पुस्तक मिटून बसून राहिले. सातासमुद्रापार राहणाऱ्या नेटिव्ह साहेबाच्या घरी आमच्या पोरांचं गरिबाघरचं पुस्तक कुठून आलं? आलंच नव्हतं. साहेब तिकडे नव्हताच. सात नंबर इथला होता, आणि ज्याअर्थी टीपताईच्या तपासणीतून चौसष्ट पानं न अडता बाहेर गेली, त्याअर्थी त्या चार टेबलांपैकीच एकावर बसत होता.

मास्तर? या अक्षरांपुढे त्यांच्या भिंगानेही हात टेकले असते. हेडफोन? त्याचं मी आधीच सांगितलं. फेब्रुवारीतले ते पंधरा दिवस माझ्या डोक्यात फिरत होते, पण नुसत्या योगायोगावर मी कधी कुणाला दोषी धरलं नाही. पुरावा हवा.

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडायला मीच हजर. भाच्याकडून कपाटाची किल्ली घेतली आणि सात नंबरच्या दोन वर्षांतल्या सगळ्या फाइली काढल्या. एकोणीस निघाल्या. एकेक उघडली. मग मास्तरांच्या उघडल्या, मग बाकीच्यांच्या. बाकी प्रत्येक फाइलला आवृत्तीची चिठ्ठी टाचलेली होती.

सात नंबरच्या एकोणीस फाइलींत एकही चिठ्ठी नव्हती.

४

टीपताई नऊ वाजता आली. मी तिला जिन्यातच गाठलं.

"सगळ्यांना चिठ्ठी लिहितेस. सात नंबरला दोन वर्षांत एकदाही का नाही लिहिलीस?"

ती पायरीवरच उभी राहिली.

"मी सांगते," मी म्हटलं. "स्वतःलाच कोण चिठ्ठी लिहितं?"

ती खाली बसली. मीही बसले, गुडघे कुरकुरले तरी. खाली चष्मेवाल्याने शटर वर केलं.

"लेखक म्हणून अर्ज केला होता मी इथे," ती म्हणाली. "नमुन्याचं एक पान दिलं होतं. साहेबांनी, म्हणजे तुमच्या भाच्याने, त्यावर लिहिलं, भाषा बरी, पण परकेपणा जाणवतो, तपासणीला घ्यावं. चार वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासले. मग तिकडे राहणाऱ्या माझ्या बहिणीचा पत्ता दिला, तिकडचं एक नाव घेतलं आणि तेच पान पुन्हा पाठवलं. एक शब्द बदलला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. नेटिव्ह इंग्रजी कशाला म्हणतात ते शिका, म्हणाले. मी तिथेच बसले होते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाच्यावर, आणि थोडी माझ्यावरही. एकतीस वर्षं मी कॉपी कुणी केली हेच विचारत आले. लिहिलं कुणी, हे एकदाही विचारलं नाही.

"आणि ही कादंबरी?"

"माझी कॉलेजातली प्रत आहे. पाठ आहे जवळजवळ. संदर्भांच्या यादीत तिकडची महागडी आवृत्ती लिहिली, कारण सात नंबरच्या घरी तीच असणार. पानं नंतर वाचनालयात जाऊन बदलायची होती. त्याच आठवड्यात कॉलेजची मुलाखत आली आणि ते राहून गेलं. मग तपासायला बसले तेव्हा हाताशी तेच जुनं पुस्तक. चौसष्टही बरोबर आल्या." ती किंचित हसली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर पहिल्या चिठ्ठीतच पकडलं असतं मी."

"मग काल बोलली का नाहीस?"

"काय बोलू? गप्प बसले तर मी घात करणारी. बोलले तर मी फसवणारी. दोन्हीकडून पत्र जातंच. निदान गप्प बसले तर माझ्या लिखाणाला कुणी परकं म्हणणार नाही. तेवढं तरी सात नंबरच्या नावावर राहील."

मी तिचा हात धरला. फार वेळ नाही, मला तसलं जमत नाही.

"ते नमुन्याचं पान आहे तुझ्याकडे?"

"साहेबांच्या खणात दोन्ही आहेत. शेऱ्यांसकट."

"मग चल वर. तू एक शब्द बोलायचा नाहीस. आजची चौकशी माझ्या भाच्याची."

५

भाच्याला मी त्याच्याच खुर्चीत बसवलं. दोन्ही कागद काढून घेतले, नावाची आणि शेऱ्याची पट्टी दुमडली. टीपताई दाराशी उभी, मास्तर आणि हेडफोन आपापल्या जागी मान वळवून.

"हे सात नंबरचं पान," मी पहिला कागद दिला. "कसं आहे?"

त्याने वाचलं आणि चेहरा खुलला. "बघ ना. वाक्य कसं सहज येतं. हे शिकून नाही येत, मावशी, रक्तात असावं लागतं."

"आणि हे इथल्याच एका बाईचं, अर्जाबरोबर आलेलं."

दुसऱ्या कागदावर तो जरा थांबला. "वाईट नाही. मेहनत दिसते. पण कुठेतरी ना, परकं वाटतं. ती बात नाही."

"आता दोन्ही शेजारी ठेव. ओळ ओळ मोठ्याने वाच."

पहिली ओळ त्याने दोन्हीकडची वाचली. दुसरी वाचली. तिसरीला आवाज बारीक झाला. चौथी त्याने वाचलीच नाही. पट्ट्या उलगडून त्याने स्वतःच्या अक्षरातले दोन्ही शेरे बघितले, मग दाराकडे बघितलं. तोंडात मारल्यासारखा बसला होता. मास्तरांच्या हातातलं भिंग टेबलावर पडलं तरी त्यांनी उचललं नाही.

मी पुस्तक पुढे ठेवलं आणि बाकीचं सांगितलं. पानं, चाराला तीन, चिठ्ठ्या, कांजिण्या. सांगायला पाच मिनिटं लागली.

"तुम्ही मला फसवलंत," भाचा अखेर तिला म्हणाला.

"हो," टीपताई म्हणाली.

"गिऱ्हाइकांनाही."

"गिऱ्हाइकं त्यांच्या प्रोफेसरांना फसवतात," मी मध्ये पडले, "आणि तू त्याचं दुकान चालवतोस. तेव्हा फसवणुकीचं तू बोलू नकोस. घात कुणी केला एवढंच तू मला विचारलं होतंस. कुणीच केला नाही. तिने एक चूक केली, सहा वर्षांत एक. आता तू सांग, पत्र देणार की नाही?"

त्याने ते दोन्ही कागद नीट एकावर एक ठेवले. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, मनाने वाईट नाही, फक्त वाचत नाही.

"देतो," तो म्हणाला. "छान पत्र देतो. हेडफोन, सात नंबरना मेल टाक, एक अनुभवाचं..."

आणि तो थांबला. हेडफोनने प्रथमच कानावरचं यंत्र उतरवलं. कुणी हसलं नाही, हसू आलं तरी.

"मी लिहून देते," टीपताई हळूच म्हणाली. "दहा मिनिटांत होईल. तुम्ही सही करा."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "तो लिहील."

"मावशी, माझं इंग्रजी..."

"माहितेय तुझं इंग्रजी. कागद घे."

त्याला पाऊण तास लागला. तीन कागद फाडले. मध्ये एकदा मास्तरांकडे आशेने बघितलं, तर मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी त्याने पान तिच्यापुढे ठेवलं आणि शाळेतल्या पोरासारखा बाजूला उभा राहिला. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. या बाई सहा वर्षं आमच्याकडे होत्या, दोन वर्षं आमचे सगळ्यांत चांगले लेखक त्याच होत्या, हे मला आज कळलं ही माझी चूक आहे, विद्यार्थी नशीबवान. एवढंच, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. खाली तिचं पूर्ण नाव होतं. ते मात्र त्याने कुठूनतरी बघून नीट लिहिलं होतं.

टीपताईचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. पेन्सिल उचलली, कागदावर टेकवली. मग तिने ती परत रांगेत ठेवली.

"सुधार ना," भाचा म्हणाला. "कॉलेजवाले हसतील मला."

"हसू देत," ती म्हणाली आणि पत्र पाकिटात घातलं. आता ती रडत होती. "तुम्ही लिहिलंय ते."